क्षमावाणी : पडद्यावरची आणि समोरासमोरची



भाद्रपद शुद्ध पंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत दशलक्षण पर्व साजरे होते आणि वद्य प्रतिपदेला क्षमावाणी येते. श्वेतांबर परंपरेत संवत्सरीला 'मिच्छा मि दुक्कडं' म्हटले जाते. केलेले दुष्कृत्य मिथ्या होवो, निष्फळ होवो, हा त्याचा भाव. पूर्वी यासाठी एकमेकांच्या घरी जावे लागे. परगावच्या आप्तांना क्षमापनापत्रे धाडली जात. २००९ मध्ये व्हॉट्सॲप आले आणि आता एकच सुंदर चित्र एका क्षणात शेकडो जणांना पोहोचते. ज्याच्याशी कधी वाद झाला नाही त्यालाही, आणि बांधाच्या वादावरून ज्याच्याशी बोलणे तुटले त्या सख्ख्या भावालाही तेच चित्र. सर्वांकडे क्षमा मागितली जाते. परंतु ज्याच्याकडे मागायची, त्याच्याकडे ती मागितली जातेच असे नाही.

दशधर्मांपैकी तिसरा धर्म उत्तम आर्जव. मन, वचन आणि काया यांची एकरूपता म्हणजे आर्जव. माया हा कषाय त्याच्या विरुद्ध उभा आहे. पडद्यावर वचन एकटेच जाते. डोळ्यांतील पाणी, कापणारा स्वर, खाली झुकलेली मान मागेच राहते.

तथापि या साधनाला सर्वस्वी दोष देणेही न्याय्य नव्हे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात दाखविले की, समोरचा माणूस दिसत नसला की मनाचे बंध सैल होतात. त्यातून कोणी मनातील दुःख मोकळे करतो, तर कोणी एरवी तोंडातून न काढील असे कठोर शब्द लिहितो. वडिलांसमोर शब्द न फुटणारा मुलगा रात्री चार ओळी लिहून अपराध कबूल करतो, तेव्हा त्या ओळी खऱ्याच असतात. पण ती दाराची कडी वाजविणे झाले. आत जाणे अजून उरते.

औसा तालुक्याला हे वेगळे सांगावयास नको. १९९३ मध्ये अनंत चतुर्दशी २९ सप्टेंबरला होती. ती रात्र सरता सरता, ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास, याच तालुक्यातील किल्लारीची भूमी हादरली. परिसरातील हजारो माणसे झोपेतच गेली. 'उद्या बोलू' म्हणून ठेवलेले किती शब्द त्या ढिगाऱ्यांखाली राहिले असतील, याची गणना कोण करणार? त्यानंतर भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथ्था यांच्या नेतृत्वाखाली भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. ती करुणा प्रत्यक्ष चालत दारी आली होती.

म्हणून क्षमावाणीचा संदेश सर्वांना अवश्य पाठवावा. मात्र यादीतील ज्या एका नावापाशी बोट अडखळते, त्या घरचा उंबरठा त्याच दिवशी ओलांडावा. तेथेच आर्जवाची कसोटी आहे.

जय जिनेंद्र!