बूटस्ट्रॅप की टेलविंड? आधी जुना ब्राउझर बघा!

वेब डिझाइन शिकायला लागलं की पहिला प्रश्न ठरलेला: बूटस्ट्रॅप घेऊ की टेलविंड? उत्तर बहुतेक वेळा कोड लिहायच्या सोयीवरून दिलं जातं. आज आपण दुसऱ्या टोकाकडून बघूया. साइट उघडणाऱ्याकडे जुना ब्राउझर असेल, तर त्याला काय दिसेल?

आधी बूटस्ट्रॅप. 2013 चं बूटस्ट्रॅप 3 इंटरनेट एक्सप्लोरर 8 वरसुद्धा चालायचं, फक्त दोन छोट्या स्क्रिप्ट जोडाव्या लागायच्या. 2018 मध्ये बूटस्ट्रॅप 4 फ्लेक्सबॉक्सवर उभं राहिलं आणि एक्सप्लोरर 8 आणि 9 मागे पडले. मे 2021 मध्ये बूटस्ट्रॅप 5 ने एक्सप्लोररला कायमचा रामराम केला. तरी त्याची अट तशी सौम्यच आहे: क्रोम 60, फायरफॉक्स 60 किंवा सफारी 12 पासून पुढे काहीही.

आता टेलविंड 4, जानेवारी 2025 मध्ये आलेलं. त्याला लागतं किमान क्रोम 111, फायरफॉक्स 128 किंवा सफारी 16.4.

तुम्ही म्हणाल, मग ब्राउझर अपडेट करा ना! पण सगळ्यांना ते जमत नाही. विंडोज 7 वर क्रोम 109 च्या पुढे जात नाही आणि फायरफॉक्स 115 वर थांबतो. म्हणजे दोन्ही रेषेच्या अलीकडेच. आयफोन 7 ची गाडी आयओएस 15 वर अडकली आहे. त्यावर क्रोम टाकूनही उपयोग नाही, कारण आत इंजिन सफारीचंच असतं.

मग नेमकं बिघडतं काय? टेलविंड 4 चे तयार रंग ओकेएलसीएच या नव्या पद्धतीने लिहिलेत. ती पद्धत क्रोमला 111 पासून कळते. समजा, निळ्या बटणावर पांढऱ्या अक्षरात 'अर्ज सादर करा' लिहिलंय. क्रोम 109 ला तो निळा कळलाच नाही, तर बटण पारदर्शक होतं. पांढऱ्या पानावर पांढरी अक्षरं! शिष्यवृत्तीच्या फॉर्मचा शेवटचा दिवस आहे, गावातल्या केंद्रावर विंडोज 7 चा संगणक आहे आणि पोरगी बटण शोधत बसलीय. फॉर्म सगळा भरलाय, पण पाठवायचा कुठून?

म्हणून टेलविंड वाईट, असं मी म्हणत नाहीये. स्वतःचा पोर्टफोलिओ किंवा नव्या फोनवाल्यांसाठीचं ॲप असेल, तर बिनधास्त टेलविंड 4 वापरा. पण फॉर्म, निकाल, तिकीट, दवाखान्याची अपॉइंटमेंट, असं काही बनवत असाल तर तीन गोष्टी करा. एक, आधीची साइट असेल तर तिच्या ॲनालिटिक्समध्ये ब्राउझरची आवृत्ती बघा. दोन, जुने ब्राउझर दिसले तर बूटस्ट्रॅप 5 किंवा टेलविंड 3.4 घ्या, टेलविंडवाले स्वतःही हेच सुचवतात. तीन, टेलविंड 4 च हवं असेल तर थीममध्ये महत्त्वाचे रंग साध्या हेक्स कोडमध्ये द्या आणि जुन्या मशीनवर तपासा. नुसती क्रोमची खिडकी लहान करून बघणं म्हणजे जुन्या ब्राउझरची चाचणी नव्हे. त्यात फक्त स्क्रीन लहान होते, इंजिन नवंच राहतं.

तर या आठवड्याचं काम: घरातल्या कपाटात पडलेला जुना फोन चार्ज करा आणि तुमचीच साइट त्यावर उघडून बघा. भेटूया पुढच्या भागात!