अंध विद्यार्थी आणि संगणकातील दुसरी प्रणाली



संगणकशास्त्र शिकणाऱ्या अंध मुलालाही विंडोजशेजारी लिनक्स लागते. ‘त्याला ते स्वतः बसवता येईल काय?’ असे पालक विचारतात. येईल. डेबियनमध्ये २०१३ पासून बोलत्या स्थापनेची सोय आहे. सुरुवातीची यादी आल्याचा ‘बीप’ वाजला की एस दाबून एंटर करावे. पुढचा प्रत्येक प्रश्न यंत्र वाचून दाखवते. मात्र डिस्कचे भाग पाडण्यापूर्वी आपल्या फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवा. तेथे घाईने दिलेले एक उत्तर विंडोजसकट सारे पुसून टाकते.

खरी अडचण पुढेच आहे. रोज लॅपटॉप सुरू होताना कोणती प्रणाली हवी हे विचारणारी यादी मुकी असते. पडदा वाचणारा ऑर्का त्यानंतर जागा होतो. तेव्हा पालकहो, यादीचा क्रम मुलाला एकदाच वाचून दाखवा आणि बाजूला व्हा. (हे दुसरे आपल्याला जड जाते!) खालच्या बाणाची कळ किती वेळा दाबायची ते तो मोजून ठेवील. पहिल्या दाबासरशी उलटी गणती थांबते, त्यामुळे घाई नसते.

आणि मुलांनो, नोम पडद्यावर आवाज गेला तर ऑल्ट, विंडोज-खुणेची कळ व एस एकत्र दाबा. ऑर्का पुन्हा बोलू लागेल.