पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे

मी डिंगोऱ्याहून बोलतेय. आज कॉम्प्युटरवर बोलणार म्हटल्यावर काही जणी रेडिओ बारीक करतील. करू नका. विषय कॉम्प्युटरचा कमी आणि आपल्या पैशांचा जास्त आहे.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या शेवटी वळवाचा पाऊस झाला. रात्रभर लाईट येत-जात होती. सकाळी आमच्या ग्रामसंघाचा कॉम्प्युटर सुरूच होईना. ग्रामसंघाचा म्हणायचा, होता तो सचिवताईंच्या घरचा. मुलाच्या कॉलेजसाठी घेतलेला, आणि त्यातच अकरा गटांचे हिशोब. दुरुस्तीवाला म्हणाला, हार्ड डिस्क गेली. नवी डिस्क बसवली, विंडोज टाकलं, मशीन सुरू झालं. आत काहीच नव्हतं.

जुने हिशोब वहीत होते. पण ऑक्टोबरपासून आम्ही वही लिहायची सोडली होती. 'दोन-दोनदा कशाला लिहायचं?' असं मीच म्हटलं होतं. म्हणजे आठ महिन्यांची बचत, कर्ज, परतफेड, सगळं गेलं. त्याच आठवड्यात एक मावशी म्हणाल्या, मी फेब्रुवारीत पंधराशे भरलेत. गटाची कोषाध्यक्ष म्हणाली, पाचशे. दोघी सख्ख्या जावा, आणि दोघीही खोटं बोलणाऱ्या नाहीत. मावशींच्या पासबुकात फेब्रुवारीची ओळ कोरी, कारण 'कॉम्प्युटरला टाकलंय'. बँकेत भरणा सगळ्या गटाचा एकत्र, त्यातून कुणाचे किती ते कसं कळणार? तीन आठवडे चिठ्ठ्या आणि मोबाईलमधले फोटो जुळवत बसलो. त्या हजार रुपयांचा निकाल लागलाच नाही. शेवटी गटानं ठराव करून ते सोडून दिले. त्या दोघी अजून बैठकीत शेजारी बसत नाहीत.

आणखी एक झालं. एका पेनड्राईव्हवर काही इतिवृत्तं सापडली. आनंदानं उघडली, तर मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. टायपिंग जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये केलेलं, आणि तो फॉन्ट जुन्या डिस्कबरोबर गेलेला. तेव्हा मला कळलं की नुसत्या फायली वाचवून भागत नाही. फॉन्ट, प्रिंटर, हिशोबाचं सॉफ्टवेअर, त्यातल्या सेटिंगा हे सगळं सी ड्राईव्हवर असतं. सामान वाचलं, पण चूल, पाणी, वायरिंग गेलं, तर त्या घरात राहायचं कसं?

म्हणून दोन वेगळी कामं करायची. रोजच्या फायली पेनड्राईव्हवर उतरवायच्या, हे तुम्हाला माहीत आहे. दुसरं काम म्हणजे सगळ्या सी ड्राईव्हची जशीच्या तशी प्रत काढायची. तिला सिस्टिम इमेज म्हणतात. त्यासाठी बाहेरून जोडायची हार्ड डिस्क लागते. गटात मिळून एक टेराबाईटची घेतली तरी पुष्कळ झाली. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'बॅकअप अँड रिस्टोअर' असं असतं. पुढे कंसात 'विंडोज 7' लिहिलेलं दिसेल, पण ते 10 आणि 11 मध्येही चालतं. तिथे डाव्या बाजूला 'क्रिएट अ सिस्टिम इमेज'. डिस्क निवडायची, सुरू करायचं आणि स्वयंपाकाला लागायचं. वेळ लागतो. लाईटचा भरवसा नसेल तर लॅपटॉप पूर्ण चार्ज असू द्या. साध्या कॉम्प्युटरला यूपीएस हवाच. शेवटी डिस्कवर 'विंडोजइमेजबॅकअप' नावाचं फोल्डर तयार होतं. त्याचं नाव बदलू नका. आमच्या एका मुलीनं हौसेनं 'ग्रामसंघ' असं नाव दिलं, आणि कॉम्प्युटरला ती इमेज सापडेचना.

आता ज्या दिवशी कॉम्प्युटर सुरूच होणार नाही, त्या दिवशी ही प्रत परत टाकायची कशी? त्यासाठी मशीन चांगलं असतानाच एक रिकव्हरी ड्राईव्ह बनवायचा. 32 जीबीचा रिकामा पेनड्राईव्ह घ्या. रिकामाच घ्या, कारण त्यावरचं सगळं पुसलं जातं. लग्नाचे फोटो असलेला नको! मशीन बिघडलं की या पेनड्राईव्हवरून ते सुरू करायचं. 'ट्रबलशूट', मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'सिस्टिम इमेज रिकव्हरी'. नवी डिस्क बसवली असेल तर ती जुनीपेक्षा लहान नको. आणि नीट ऐका: इमेज परत टाकली की सी ड्राईव्हवर असलेलं सगळं जातं आणि इमेज काढली त्या दिवशीची स्थिती येते. मधल्या दिवसांचे हिशोब फायलींच्या पेनड्राईव्हवरूनच आणावे लागतात. म्हणून म्हटलं, कामं दोन आहेत.

इमेज काढून ठेवली आणि विसरलो, असंही नको. आम्ही तीन महिन्यांनी त्या पेनड्राईव्हवरून मशीन सुरू करतो, इमेजची तारीख दिसते का ते बघतो आणि तिथूनच रद्द करून बाहेर येतो. काही नवे लॅपटॉप डिस्कला आपणहून कुलूप लावतात आणि अशा वेळी 48 आकडी किल्ली मागतात. ती आधीच काढून कागदावर लिहून ठेवा. विंडोज 10 च्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या 14 ऑक्टोबर 2025 पासून थांबल्या. ज्या 11 वर जाणार असतील त्यांनी जायच्या आधी इमेज काढावी.

डिस्क ठेवायची कुठे? आपल्या गटाची रीत आठवा, पैशांची पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली-कोल्हापूरकडे महापूर आला. घरात पाणी शिरलं की कॉम्प्युटर काय आणि शेजारच्या कपाटातली डिस्क काय, दोन्ही भिजणार. डिस्क कायम जोडूनही ठेवू नका. मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला, फायलींना कुलूप लावून पैसे मागणारा. असा व्हायरस जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाही. आणि डिस्क कुलपातच ठेवा, कारण तिच्यात आपल्या बायकांची आधार कार्डं आणि पासबुकं आहेत.

आमचा कॉम्प्युटर अजून सचिवताईंकडेच आहे. डिस्क माझ्या घरी पत्र्याच्या पेटीत, किल्ली अध्यक्षांकडे. वही पुन्हा सुरू केली आहे, आणि प्रत्येकीच्या पासबुकात बैठकीतच, तिच्यासमोर आकडा लिहितो. मावशी दर वेळी तो दोनदा वाचून घेतात.