रक्तस्राव, हृदय आणि औषध

मुंबईहून निघालेला सायन-पनवेल मार्ग मानखुर्दची वस्ती मागें टाकून वाशीच्या खाडीपुलावर चढतो. मालमोटारी आणि दुचाकी यांची तेथें रात्रंदिवस वर्दळ असते. अशा रस्त्यावर एखाद्या तरुणास अपघात होऊन मांडीची मोठी रक्तवाहिनी तुटली, म्हणजे भोंवतीं जमलेल्यांपैकीं कोणी तरी म्हणतोच, "कोणी इंजेक्शन द्या हो, म्हणजे हृदय चालूं राहील!" या बोलण्यांत कळवळा आहे, परंतु शरीरशास्त्राच्या दृष्टीनें एक मोठी चूकहि आहे.

प्रौढ माणसाच्या अंगांत सुमारें 5 लिटर रक्त असतें. स्वस्थ बसलें असतां हृदय मिनिटास सुमारें 70 ठोके देतें आणि दर ठोक्यास सुमारें 70 मिलिलिटर रक्त पुढें ढकलतें. परंतु हृदय हें विहिरीवरील रहाटासारखें आहे; विहिरींत पाणीच नसेल, तर रहाट कितीहि वेगानें फिरविला तरी पोहरे रिकामेच वर येणार. हृदयांत जितकें रक्त भरून येईल तितक्या जोरानें तें आकुंचन पावतें, हें इंग्रज शास्त्रज्ञ स्टार्लिंग यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं दाखवून दिलें.

रक्त वाहूं लागलें कीं शरीर स्वतःच उपाय योजतें. नाडी जलद होते, हातपाय गार पडतात, कातडी फिकी होते. म्हणून आरंभीं रक्तदाबांत फारसा फरक दिसत नाहीं. सुमारें 30 टक्के रक्त गेल्यावर दाब उतरूं लागतो आणि 40 टक्क्यांपुढें प्राणांवर बेततें. त्या वेळीं हृदय मुळांत दुबळें झालेलें नसतें. तें रिकामें झालेलें असतें.

अशा हृदयास ॲड्रेनॅलिनचा चाबूक मारला, तर ठोके वाढतात, पण दोन ठोक्यांमधील विसावा आखूड होतो. याच विसाव्यांत हृदय भरतें आणि त्याच्या स्वतःच्या स्नायूसहि मुख्यतः याच वेळीं रक्त पोहोंचतें. नॉरॲड्रेनॅलिन धमन्या आवळतें. दाबमापकावरील आंकडा चढतो, परंतु मूत्रपिंडांचा व आंतड्यांचा रक्तपुरवठा घटण्याचा धोका असतो. म्हणून डॉक्टर हीं औषधें रक्ताऐवजीं नव्हे, तर प्रसंग पाहून व जपून वापरतात.

यापेक्षां निराळी एक वाट आहे. शरीरांतील जवळजवळ दोन-तृतीयांश रक्त हृदयाकडे परतणाऱ्या नीलांत असतें. त्या किंचित् आवळल्या, तर हा सांठा हृदयाकडे वळतो. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेंत सेंथाक्विन हें द्रव्य तयार झालें, तें रक्तदाब उतरविण्याच्या हेतूनें. पुढें अगदीं अल्प मात्रेंत तें रक्तस्रावाच्या धक्क्यांत उपयोगी पडतें असें आढळलें आणि 2020 सालीं भारतांत त्यास या कामीं मान्यता मिळाली. तें हृदयास डिवचीत नाहीं. त्यास भरूं देतें. परंतु तेंहि रक्त व द्रव यांच्या जोडीला द्यावयाचें औषध आहे, त्यांच्या जागीं नव्हे.

घरांतील औषधांचाहि येथें संबंध येतो. रक्तदाबासाठीं ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल घेणाऱ्या माणसाची नाडी रक्त गेलें तरी पुरेशी वाढत नाहीं. संकट झांकलें जातें. रक्त पातळ ठेवणारीं औषधें स्राव लांबवितात. म्हणून वडीलधाऱ्यांच्या खिशांत औषधांच्या नांवांची चिठ्ठी असावी आणि ती प्रथम डॉक्टरांच्या हातीं द्यावी.

मानखुर्दच्या रस्त्यावरील त्या तरुणाला पहिलें औषध मिळेल तें सुईंतून नव्हे. कोणी तरी स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून ती दोन्ही हातांनीं घट्ट दाबून धरील, ती उचलून पाहण्याचा मोह टाळील, आणि दुसरा कोणी 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावील. विहिरींतील पाणी राखलें, तरच पुढें रहाटाला हात लावण्यांत अर्थ आहे.