मुकी होणारी चकती

आवाज टिपणं सोपं असतं, पुढच्या यंत्रात उतरवत राहणं कठीण. सोनीनं 1992 मध्ये मिनीडिस्क आणली. प्लॅस्टिकच्या चौकोनी डबीत बंद असलेली छोटी चकती. लेझर ती तापवतो, चुंबक तिच्यावर लिहितो. 74 मिनिटं मावतात, फीत गुंतायची भीती नाही, रेकॉर्डर खिशात बसतो.

माझा रेकॉर्डर मामेभावानं दुबईहून आणला. लासलगावात त्याला कामाची वाण नव्हती. कांद्याच्या लिलावातली चढती बोली भरली, ट्रॅक्टरांची घरघर भरली आणि अम्मीच्या ओव्याही भरल्या. घरात दखनी बोलणारी अम्मी जात्यावर बसली की मराठीतच गायची.

अशा ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावी फिरून जमवल्या, लाखाहून अधिक. त्यांतल्या कित्येक 1990 च्या दशकात डिजिटल फितीवर मुद्रित झाल्या. पुढे त्या संगणकावर उतरल्या, म्हणून 2017 पासून ‘परी’च्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात.

मिनीडिस्कची यंत्रं सोनीनं 2013 मध्ये थांबवली, कोऱ्या चकत्या 2025 मध्ये. चकती शाबूत असली तरी यंत्र बिघडलं की ती मुकी.

अम्मी आता नाही. रेकॉर्डर चालतो आहे तोवर मी एकेक चकती संगणकावर उतरवतो. माझ्या यंत्रातून 74 मिनिटं उतरवायला 74 मिनिटंच लागतात. घाई चालत नाही, दोन ओव्यांमधला तिचा श्वासही ऐकावा लागतो.

तुमच्याही कपाटात कुणाचा आवाज पडून असेल. यंत्र चालतं आहे तोवर तो उतरवा आणि दोन ठिकाणी ठेवा.