नेमलेला उतारा आणि पाळकाचें धैर्य

प्रवचनकाराला विषय निवडण्याची मोकळीक असली, म्हणजे तो बहुधा स्वतःच्या आवडीचा किंवा श्रोत्यांस रुचणारा विषय निवडतो. लूथरपंथी पाळकाला परंपरेनें ही मोकळीक ठेवलेली नाहीं. कोणत्या रविवारीं शुभवर्तमानांतील कोणता उतारा वाचावयाचा, हें आधींच ठरलेलें असतें. मार्टिन लूथरनें सोळाव्या शतकांत उपासनेंत पुष्कळ फेरफार केले. परंतु वाचनांचा हा जुना क्रम बहुतांशीं कायम ठेवला आणि पाळकांच्या उपयोगासाठीं त्या उताऱ्यांवर स्वतः निरूपणें लिहिलीं. या क्रमांत नाताळापूर्वींच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारीं गाढवावर बसून यरुशलेमांत येणारा सौम्य राजा भेटतो. पुढें एका रविवारीं चांगल्या शोमरोन्याचा दृष्टान्त येतो. आठवड्यांत गांवांत लग्न झालेलें असो वा मृत्यू घडलेला असो, पाळकाला त्याच उताऱ्याच्या आधारें बोलावें लागतें.

या शिस्तीची कसोटी संकटकाळीं लागते. डेन्मार्कमधील काई मुंक हे १९२४ पासून पश्चिम जटलंडांतील वेदरसो या लहानशा गांवीं पाळक होते. बाप्तिस्मे, विवाह, दफनविधि आणि रविवारचें प्रवचन हें त्यांचें नित्याचें काम. नाटककार म्हणून त्यांची कीर्ति देशभर पसरली. त्यांच्या ‘शब्द’ या नाटकावर कार्ल ड्रायर यांनीं १९५५ मध्यें चित्रपटहि काढला. पण मुंक यांनीं वेदरसो सोडलें नाहीं.

त्यांच्या चरित्रांतील एक गोष्ट झांकून ठेवण्याजोगी नाहीं. आरंभीं मुसोलिनी व हिटलर यांच्या कणखर नेतृत्वाची त्यांना भुरळ पडली होती. सौम्य राजाची कथा वर्षानुवर्षें सांगणाऱ्या मनुष्याला हा मोह पडावा, याचें नवल वाटतें. परंतु तो मोह टिकला नाहीं. १९३८ मध्यें ज्यूंच्या छळाविरुद्ध त्यांनीं मुसोलिनीला वृत्तपत्रांतून अनावृत पत्र लिहिलें. ९ एप्रिल १९४० रोजीं जर्मन सैन्यानें डेन्मार्क व्यापला, तेव्हां त्यांचें व्यासपीठ अधिकच निर्भय झालें. १९४१ व १९४२ मध्यें त्यांचीं प्रवचनें पुस्तकरूपानें निघालीं, आणि जुलमापुढें मान तुकविणें हें पाप आहे, असा त्यांचा सूर घरोघर पोंचला. १९४३ च्या आगमनकाळांत बंदी मोडून त्यांनीं कोपनहेगनच्या मुख्य मंदिरांत प्रवचन केलें.

१ जानेवारी १९४४ रोजीं वेदरसोच्या मंदिरांत ते पाळकाचा झगा न घालतां आले. व्यासपीठावर न चढतां, अंगावरील ओव्हरकोटानिशीं खालींच उभे राहून ते बोलले. आपल्याच मंडळींतील कांहीं लोक जर्मनांच्या कामावर जाऊन पैसा मिळवितात, याचा तो निषेध होता. परक्या शत्रूला दोष देणें त्या मानानें सोपें; ज्यांच्या मुलांना बाप्तिस्मा दिला, त्यांना तोंडावर सत्य सांगणें अधिक कठीण. तीनच दिवसांनीं, ४ जानेवारीच्या रात्रीं, गेस्टापोनें त्यांना घरांतून नेलें व सिल्केबोर्गनजीक गोळ्या घालून ठार केलें. त्या वेळीं त्यांचें वय पंचेचाळीस वर्षांचें होतें.

नेमलेला उतारा वाचणाऱ्या प्रत्येकास असें धैर्य येतें, असें नाहीं. तोच क्रम वाचणारे किती तरी पाळक त्या काळीं गप्प राहिले. क्रम एवढेंच करतो, कीं जें वचन टाळावेंसें वाटतें तें ठरल्या दिवशीं पुढें आणून ठेवतो. तें प्रथम स्वतःला लागू करून मग लोकांना सांगावयाचें कीं नाहीं, हें मात्र प्रत्येक पाळकाला स्वतःच ठरवावें लागतें.