मालाचा डबा आणि माणसाचे घर



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे, असा प्रघात आहे. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंत. पुढचे सारे ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या शेडमध्ये आणि संघटनेच्या कचेरीत झाले. तेव्हा आज आम्ही मोठे तत्त्वज्ञान मांडणार नाही. एका पत्र्याच्या डब्याची गोष्ट सांगणार आहोत.

आमच्या एका जुन्या सोबत्याचा मुलगा अमेरिकेत यंत्रे बसविण्याचे काम करतो. एका गावी दीड महिना, दुसऱ्या गावी दोन. दर ठिकाणी खोलीचे भाडे भरून हाती काही उरेना. म्हणून त्याने ठरविले, की मोटारीमागे जोडून ओढावयाचा मालवाहू ट्रेलर घ्यावा आणि त्यातच बिऱ्हाड थाटावे. त्या देशात ही युक्ती नवी नाही. १९३०च्या दशकात तेथील लोक थेंबाच्या आकाराचे छोटे ट्रेलर घरी बांधीत. आत फक्त झोपावयाचे आणि मागची झडप उचलून उघड्यावर स्वयंपाक करावयाचा. दुसऱ्या महायुद्धात शस्त्रकारखान्यांच्या हजारो कामगारांना तेथील सरकारने ट्रेलरांच्या वस्त्यांत ठेवले होते. उतारवयात गाडीतच राहून हंगामी कामे करीत फिरणाऱ्या माणसांची हकीकत जेसिका ब्रूडर यांनी २०१७ साली ‘नोमॅडलँड’ या पुस्तकात लिहिली. तेव्हा चाकांवरचे घर म्हणजे केवळ सहलीची हौस, असे कोणी समजू नये.

मुलाने फोन केला. म्हणाला, “काका, तुम्ही आयुष्यभर डबे बांधलेत. सपाट तोंडाचा घेऊ, की पुढे नाक काढलेला?”

आम्ही विचारले, “तुझी उंची किती?”

“पाच फूट दहा इंच. पण काका, मी आकार विचारतोय.”

“अरे, मग मी काय सांगतोय?”

सहा फूट रुंद म्हणून विकला जाणारा डबा आतून पाच फूट आठ इंचांच्या आसपास भरतो. थंडीसाठी दोन्ही भिंतींना अस्तर लावले, की आणखी दोन-तीन इंच गेले. असा उंच माणूस त्यात आडवा झोपू शकत नाही. मग बिछाना लांबीत घालावा लागतो आणि बारा फुटांतले साडेसहा फूट तोच खातो. अशा वेळी पुढचे नाक उपयोगी पडते. ते बहुधा मूळ लांबीच्या पुढे असते. तिथे पलंग मावत नाही, पण ओटा आणि फळ्या छान बसतात. उलट, सात फुटी डब्यात बिछाना आडवा बसतो, आणि तिथे सपाट तोंडच सोयीचे, कारण चौकोनी कोपऱ्यात चौकोनी सामान नीट लागते. मात्र रुंद डबा वजनाला जड आणि वाऱ्याला मोठा. नाकाने इंधन वाचते, असे विकणारा सांगतो. थोडे वाचतही असेल. पण वारा प्रथम रुंदी आणि उंचीच मोजतो, आणि वेग दुप्पट केला की त्याचा विरोध चौपट होतो.

छताचेही तसेच. सपाट छतावर पाणी साचते, गोलसर छतावरून ते वाहून जाते. पण गोल छताखाली कडेला डोके आपटते. आम्ही सांगितले, मध्याला उतार असलेले घे आणि आतली उंची सहा फूट सहा इंच माग. खाली-वर अस्तर लागल्यावरही तुला ताठ उभे राहता आले पाहिजे.

मग वजन. एका धुऱ्याचे असे पुष्कळ ट्रेलर सामानासकट २९९० पौंडांचे ठरविलेले असतात, कारण अनेक राज्यांत ३००० पौंडांपुढे ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. डबा रिकामाच हजार-बाराशे पौंडांचा. शंभर लिटर पाणी म्हणजे दोनशेवीस पौंड. फळी, बॅटरी, शेगडी, सारे कागदावर मांडून बेरीज करावी. एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या जोडावर यावा लागतो. मागे जड झालेला ट्रेलर वेगात शेपटासारखा झोके घेऊ लागतो.

आता शेवटची, आणि आमच्या मते पहिली गोष्ट. आम्ही तरुण असताना एका बंद बॉडीच्या आतून रंग देत होतो. बाहेरच्या सोबत्याने आत कोणी नाही असे समजून दार लावले आणि दांडा अडकवला. यंत्रांच्या आवाजात आमच्या हाका कोणाला ऐकू गेल्या नाहीत. थिनरच्या वासात ती वीस मिनिटे आम्ही कशी काढली, ते आम्हांसच ठाऊक. त्या डब्यात काही बिघाड नव्हता. तो मालासाठी बांधला होता, आणि मालाला आतून दार उघडावे लागत नाही.

म्हणून मुलाला बजावले, की मागच्या दाराचे दांडे बाहेरूनच फिरतात. बाजूचे दार आतून उघडणारे असलेच पाहिजे, आणि बिछान्यापाशी माणूस बाहेर पडू शकेल एवढी खिडकी हवी. छताला हवेचे भोक ठेव. बंद जागेत गॅस जाळला तर कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो, आणि त्याला वास नसतो.

त्याने जमिनीवर खडूने डब्याचा नकाशा काढला, त्यात आडवा झाला, उभा राहिला. त्याची मोटार लहान. म्हणून सहा बाय बाराच घेतला, नाकाचा. म्हणजे पहिल्यापासून त्याला आवडला होता तोच! फक्त आता का घेतला, ते त्याला सांगता येत होते.

मंडळी, त्या मुलाला निवड करता आली. आपल्याकडे दर हंगामात बीडकडची ऊसतोड कामगारांची कुटुंबे बोचक्यांवर बसून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून कारखान्यांकडे जातात आणि वाकून शिरावे लागते अशा कोपीत हिवाळा काढतात. त्यांना उंची किती, असे कोण विचारतो? मालाच्या गाडीतून माणसे नेण्याची आपल्या डोळ्यांना सवय झाली आहे. कामगारासाठी कोणी खोली, चाळ वा तंबू उभारील, तेव्हा चारच प्रश्न विचारा. यात माणूस ताठ उभा राहतो का? पाय पसरून झोपतो का? श्वास घेतो का? आणि दार आतून उघडते का?

एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.